धुळ्याला ठेवलेली दुसरी प्रत

घराबाहेर पडताना मी गॅस तीनदा बघते. कुलूप दोनदा ओढते, कोपऱ्यापर्यंत जाते, परत येते आणि पुन्हा एकदा ओढते. आमचे हे म्हणतात, स्वभावच आहे तिचा. मुलगी म्हणते, आई, हा आजार आहे. दोघांच्याही लक्षात येत नाही की हा माझा धंदा होता. जळगावच्या एका नागरी सहकारी बँकेत मी संगणक विभाग सांभाळला. तिथे मला पगार मिळायचा तो मुख्यतः काळजी करण्याचा.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, बँकेतल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, त्या येतीलच. पण लिहायला बसलं की एकच गोष्ट समोर येऊन उभी राहते. बँकेच्या कामाची दुसरी प्रत गावाबाहेर ठेवायची, म्हणून आम्ही मोठा खटाटोप केला. त्या खटाटोपात बँक वाचली आणि आबा बोरसे नावाच्या एका सरळ माणसाच्या स्वच्छ सर्व्हिस बुकावर शेरा पडला. तो पाडणारी लेखणी माझी होती.

पहिल्यापासून सांगते. नव्वदच्या आसपास आमच्या मुख्य कार्यालयात संगणक आला. त्याच्यासाठी वेगळी खोली केली आणि तिला वातानुकूलन यंत्र बसवलं. बँकेत तेवढी एकच खोली गार होती. जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. खातेदार काम नसताना माझ्या दाराशी येऊन "मॅडम, एक शंका होती" म्हणत उभे राहायचे. शंका विचारता विचारता घाम वाळला की जायचे.

आतापर्यंत जे जाडजूड लेजरांत असायचं ते सगळं त्या यंत्राच्या पोटात गेलं. लेजर कपाटात दिसतं, हात लावता येतो. यंत्राच्या पोटातलं दिसत नाही, आणि यंत्र बिघडलं तर आतलं सगळं क्षणात नाहीसं होतं. म्हणून रोज काम संपलं की त्याची एका कार्ट्रिजवर नक्कल करायची. कार्ट्रिज म्हणजे गाण्याच्या कॅसेटची जाडजूड थोरली बहीण. या नकलेला बॅकअप म्हणतात. ही कार्ट्रिज मी कुठे ठेवायची? यंत्राच्याच डोक्यावर. हाताशी असावी म्हणून. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग एका दुपारी शेजारच्या कापड दुकानाला आग लागली. आमच्याकडे काही पेटलं नाही, पण मधली भिंत इतकी तापली की हात ठेववेना. धूर खिडकीतून आत आला. सगळे रोकड आणि रजिस्टरं उचलून रस्त्यावर धावले. मी ती कार्ट्रिज पदराखाली धरून समोरच्या फुटपाथवर उभी राहिले आणि एकदम मनात आलं. आज मी जेवायला घरी गेले असते तर? यंत्रही जळालं असतं आणि त्याच्या डोक्यावर बसलेली नक्कलही. दोन प्रती एकाच चुलीत.

त्याच वेळी मला आमचे एक खातेदार आठवले, निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना मास्तरच म्हणायचो. दर महिन्याला पासबुक भरून घेतलं की ते बाकावर बसून पासबुकातला शब्दन् शब्द शाळेच्या वहीत उतरवायचे. एकदा मी हसून म्हटलं, "मास्तर, वही हरवली तर?" ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "वही घरी नसते, बाई. बोदवडला बहिणीकडे असते. आमच्या घरी उंदीर आहेत आणि जावई आहेत." त्या दिवशी आख्खं काउंटर हसलं होतं. आग विझल्यावर मला कळलं, की आमच्या बँकेपेक्षा मास्तरांचा कारभार पक्का आहे.

मी सरव्यवस्थापकांकडे गेले. त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. साहेबांनी विषय संचालकांपुढे ठेवला आणि मग सगळेच मदतीला धावले. मदतीला धावणाऱ्या संचालकांची मला जास्त भीती वाटते.

एक होते नाना. रावेरकडचे केळीवाले. त्यांच्या केळी पिकवायच्या खोल्या होत्या, बर्फाच्या लाद्या लावून गार केलेल्या. "मॅडम, तिथं आनून ठेवा ना. माही केळी खराब होत नाही, तं तुमची कॅसेट काय खराब होईन?" बिनतोड मुद्दा, आणि भाडंही नको. दुसरे एक सराफ. त्यांची पेढीवरची तिजोरी जिल्ह्यात नावाजलेली. अडचण एवढीच, की ते आमचे मोठे कर्जदारही होते, आणि कर्जदाराच्या तिजोरीत त्याच्याच खात्याची नक्कल ठेवणं म्हणजे मांजराकडे शिंकं सांभाळायला देणं. हे तोंडावर सांगणार कोण? साहेबांनी बेमालूम उत्तर दिलं, "शेठ, उद्या तुमच्याकडे चोरी झाली तर सोनं तुमचं जाईल आणि लोक म्हणतील चोर कॅसेटीसाठी आले होते. नको ती बदनामी." शेठना ते पटलं. तिसरी जागा आमची धुळ्याची शाखा. दगडी इमारत, उंच जोतं, जाड भिंतींची स्ट्राँगरूम. जळगावात काहीही झालं तरी त्याची झळ धुळ्याला लागणार नव्हती.

पण माझ्या मनाची खात्री होईना. कुठल्या पुस्तकात बघावं, तर तसं पुस्तक जळगावात नव्हतं. मी माझ्या पद्धतीने परीक्षा घेतली. घरातल्या भजनाच्या दोन सारख्या कॅसेट उचलल्या, एक नानांच्या खोलीत ठेवली आणि एक धुळ्याला. पंधरा दिवसांनी दोन्ही घरच्या टेपरेकॉर्डरवर लावल्या. नानांकडची कॅसेट लागताच बुवा पाण्याखालून गायल्यासारखे ऐकू यायला लागले. आतल्या फितीवर पांढुरके ठिपके होते आणि सगळ्या घरात पिकल्या केळ्यांचा वास सुटला. धुळ्याचे बुवा खणखणीत गात होते. निकाल लागला. नाना मात्र पुढचं वर्षभर मला "भजनवाल्या मॅडम" म्हणायचे.

मग पेटी. ती रफीकभाईंनी करून दिली. तिजोऱ्या आणि कुलपं दुरुस्त करणारे कसबी माणूस. मी सांगत गेले, दुहेरी पत्रा, आत दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, झाकण घट्ट आणि लोहचुंबकाची कडी अजिबात नको, कारण चुंबक फितीवरचं सगळं पुसून टाकतो. त्यांनी विचारलं, "इसमें रखना क्या है, बेटी?" मी म्हटलं, "बँक." ते पेटीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले, पण पेटी मात्र अशी केली की पाण्यात टाकली तरी आत थेंब जाऊ नये.

दर शनिवारी आमचा शिपाई भास्कर नवी कार्ट्रिज पेटीत घालून एस्टीने धुळ्याला न्यायचा आणि जुनी परत आणायचा. म्हणजे धुळ्याला नेहमी एकच प्रत असे, शनिवारपर्यंतची, आणि जळगावला एक, रोजची. तिसरी मिळावी म्हणून मी साहेबांच्या मागे लागले होते, पण कार्ट्रिज महाग. "दोन आहेत ना? दोन पुरे." शनिवारी भास्कर परत येईपर्यंत माझं लक्ष कशात नसायचं. एकदा पारोळ्याच्या पुढे गाडी बंद पडली, तर हा पठ्ठ्या भर उन्हात पेटीवर स्वतःचा ओला टॉवेल गुंडाळून उभा राहिला. उन्हापासून वाचवायला ओल! मी कपाळावर हात मारला.

धुळ्याला पेटी कुणाच्या ताब्यात द्यायची, हा प्रश्नच नव्हता. आबा बोरसे तिथले हेड कॅशियर. मूळचे शिंदखेड्याकडचे. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि सगळ्या नोकरीत एक कागदी ठपका नाही. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक शाखाधिकाऱ्यांकडे, दुसरी आबांच्या कमरेच्या करगोट्याला. आंघोळीलाही ती सुटत नाही, असं शाखेत म्हणायचे.

पहिल्या खेपेला मी स्वतः गेले. आबांना समोर बसवून पाच गोष्टी सांगितल्या. ऊन लागू द्यायचं नाही, ओल लागू द्यायची नाही, धूळ नको, चुंबक नको, परका हात नको. त्या कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवल्या. आबांनी त्या मोठ्याने वाचल्या आणि विचारलं, "ताई, पन हाई शे काय?" मला वाटलं, यंत्र, फीत, नक्कल हे सांगत बसण्यापेक्षा या माणसाला समजेल असं सांगावं. म्हटलं, "आबा, या पेटीत आपल्या बँकेची लक्ष्मी आहे. सोन्यापेक्षा जपा."

आबांनी पेटीला हात लावून तो हात कपाळाला लावला. मला बरं वाटलं. माणूस योग्य सापडला, असं मनाशी म्हणत मी एस्टीत बसले.

पुढे खांडेनवमी आली. ज्या हत्यारावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची आणि पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्याला कामाला जुंपायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आमच्याकडे रोखपालाचा तराजू, शिक्के, लेजर यांची पूजा वर्षानुवर्षं होत होती. त्या वर्षी यंत्राचीही झाली. दुपारी काम लवकर आटोपलं, मी नक्कल घेतली, आणि कार्ट्रिज बाहेर काढणार इतक्यात भास्कर ताट घेऊन आला. यंत्राला हार घातला, नारळ वाढवला, पेढे वाटले. पूजा झाल्यावर मी कार्ट्रिज काढायला हात पुढे केला, तर भास्कर म्हणाला, "ताई, आता नका ना हात लावू. पूजा झाली." मी हात मागे घेतला. नियम असा, की नक्कल झाली की कार्ट्रिज कपाटात बंद. तो नियम मीच केलेला. पण पूजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम माझ्या आजीचा होता. तो जिंकला.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र सुरू केलं आणि त्याच मिनिटाला वीज जोरात आली, दिवे भगभगले, स्टॅबिलायझरमधून जळका वास सुटला. यंत्राच्या पोटात खरखर सुरू झाली. बंद करेपर्यंत सगळं संपलं होतं. आणि कार्ट्रिज आत होती. तिची फीत यंत्राने ओढून चुरगाळून टाकली होती. मी ती ओढून काढली, तेव्हा हातात नुसता तपकिरी गुंता आला.

बाहेर सणानंतरची गर्दी. काउंटरवरचे लोक म्हणत होते, मशीन बंद आहे, थोडं थांबा. किती थांबायचं ते मला विचारत होते आणि मी दार लोटून घेतलं. हजारो खाती आणि जगाच्या पाठीवर त्यांची एकच नक्कल उरली होती. ती धुळ्याला होती. भास्करला टॅक्सीने पिटाळलं. नाशिकच्या इंजिनिअरला फोन केला, तो नवे भाग घेऊन तसाच निघाला.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने यंत्र उभं केलं. तेवढ्यात भास्कर आणि आबा आले. टॅक्सी वाटेत रुसली, रात्र वाटेतच गेली आणि उरलेला अर्धा रस्ता एस्टीने आले होते. पेटी भास्करच्या हाती द्यायला आबा तयार नव्हते. स्वतः मांडीवर घेऊन आले. मी पेटी उघडली, कार्ट्रिज काढली आणि उजेडात धरली.

तिच्यावर हळदीकुंकू होतं. नुसतं वर नव्हे. कार्ट्रिजला फितीपाशी एक छोटं झडपेचं दार असतं. ते उघडून आत, थेट फितीवर, ओल्या कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. एक अक्षताही अडकली होती.

"आबा, हे काय केलंत?"

"खांडेनवमी व्हती, ताई," आबा हळूच म्हणाले. "वर ते नुसता डबा शे. लक्ष्मी मजार शे म्हनीसन..." मजार, म्हणजे आत.

पाच गोष्टी मी लिहून दिल्या होत्या. ऊन, ओल, धूळ, चुंबक, परका हात. भक्तीपासून जपा, हे लिहायचं राहिलं होतं. पण त्या वेळी हे सुचायला डोकं ठिकाणावर कुठे होतं! साहेब, इंजिनिअर, अर्धा स्टाफ, सगळ्यांसमोर मी आबांना वाट्टेल ते बोलले. अडाणीपणा म्हटलं. बँक बुडवलीत म्हटलं. वडिलांच्या वयाचा माणूस. ते हात बांधून उभे होते. एकदाही "तुम्हीच लक्ष्मी म्हणालात" असं म्हणाले नाहीत.

इंजिनिअरने स्पिरिट आणि कापूस घेऊन फीत पुसली, कार्ट्रिज घातली. यंत्राने वाचलं नाही. पुन्हा पुसली, पुन्हा घातली. नाही. चेअरमनचे फोनावर फोन येत होते. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, काय झालं ते लेखी द्या. आत्ता. मला वर उत्तर द्यायचंय."

मी शेजारच्या टेबलावर बसले आणि लिहिलं. जळगावची प्रत विजेच्या बिघाडाने नष्ट झाली. धुळ्याची प्रत हेड कॅशियर श्री. बोरसे यांनी सूचना मोडून हळदीकुंकू लावल्याने वाचता येत नाही. प्रत्येक वाक्य खरं होतं. जळगावची प्रत दोन दिवस यंत्रात का राहिली, हे लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही. साहेबांनी तो कागद आबांपुढे ठेवला, आबांनी तो वाचला आणि खाली "चूक माझी आहे" असं लिहून सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. धुळ्याचे शाखाधिकारी पूजेला शेजारी हात जोडून उभे होते म्हणे. त्यांचं नाव त्या कागदावर आलंच नाही.

तिसऱ्या वेळी इंजिनिअरने सुरुवातीची हातभर फीत पुढे सरकवून घेतली. तो भाग कोराच असतो, कुंकू बरंचसं तिथेच लागलेलं होतं. मग यंत्र घरघरलं आणि पडद्यावर एकामागून एक नावं सरकायला लागली. सगळं आलं. शनिवारपर्यंतचं सगळं. पुढच्या तीन दिवसांचं काम काउंटरवरच्या मुलींनी व्हाउचरं बघून पुन्हा भरलं. मी खोलीच्या कोपऱ्यात तोंड फिरवून रडून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी माझी पाठ थोपटली. आबा तोपर्यंत चारच्या गाडीने धुळ्याला निघून गेले होते.

म्हणजे बँक वाचली ती आबांनी जपलेल्या प्रतीने. माझी प्रत मी मारली होती. पण तो कागद वर गेलेला होता. काम झाल्यावर कागद परत मागायला कोण जातं? मीही गेले नाही. रोज ठरवायची, उद्या जाईन. महिन्याभरात आबांच्या सर्व्हिस बुकात शेरा पडला, "सूचनांचे पालन न केल्याबद्दल ताकीद". त्यांच्या निवृत्तीला तेव्हा सहा महिनेही उरले नव्हते. मला त्याच काळात तिसरी कार्ट्रिज मंजूर झाली, चौथीही, आणि नवा नियम मी लिहिला, आधी नक्कल कपाटात, मग पूजा. त्या नियमाचं फार कौतुक झालं.

आबांच्या निरोप समारंभाला मी धुळ्याला गेले. पर्समध्ये साहेबांच्या नावे लिहिलेलं पत्र होतं. पूजेमुळे कार्ट्रिज मीच यंत्रात राहू दिली, श्री. बोरसे यांच्यावरचा शेरा काढावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. साहेब पहिल्या रांगेत बसले होते. भाषणं झाली. आबांना शाल-श्रीफळ दिलं. वक्ते जुन्या आठवणी सांगत होते, पण निष्कलंक सेवा हा शब्द, जो अशा वेळी कुणाच्याही वाट्याला येतो, तो कुणी उच्चारला नाही. जपून वगळला होता.

चहाच्या वेळी मी आबांना ओसरीत गाठलं. "आबा, मला एक सांगायचंय. त्या दिवशी जळगावची कार्ट्रिज..."

"माले ठाऊक शे, ताई." आबांनी चहाची बशी कठड्यावर ठेवली. "भास्करनी एस्टीमा बठ्ठं सांगं व्हतं."

म्हणजे त्या दिवशी मी बोलत होते तेव्हा त्यांना माहीत होतं. हात बांधून उभे होते तेव्हाही. सही करतानाही.  मी म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमनी नोकरी आजून लांब शे. मनी ते सरनी."

मी पर्समधून पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश, एक एक ओळ वाचली. मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, पेनांच्या मागे.

"हाऊ कागद माले राहू द्या. साहेबले कसाले? घरमा बठ्ठास्ले वाटस, मी बँक बुडाई व्हती. त्यासले दखाडसू."

साहेबांना नको, घरच्यांना दाखवायला तेवढं पत्र त्यांना पुरे होतं. ते आत पाहुण्यांत गेले. मी ओसरीतच उभी राहिले. आत साहेब पहिल्या रांगेत पेढा खात बसले होते, दहा पावलांवर.

जन्मभर मी प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवली, फक्त त्या पत्राची ठेवली नव्हती. दुसरं लिहिता आलं असतं. मजकूर पाठ होता, धुळ्याहून जळगावला यायला अडीच तास लागतात आणि त्यानंतर मी कित्येक वर्षं त्याच साहेबांच्या हाताखाली काम केलं. मी लिहिलं नाही. आबांच्या सर्व्हिस बुकात तो शेरा अजून तसाच आहे.